‘उद्या पाणी येणार’ म्हणजे नेमकं कधी? : सोलापुरात सूचना काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि हद्दवाढ भागातल्या सोसायट्यांचे सचिव, नगरानगरांत पाण्याची वेळ कळवणारे कार्यकर्ते, उत्सव मंडळांचे पदाधिकारी, वाचनालयं, शिकवण्या, दवाखाने आणि दुकानं चालवणारे सर्व जण

विषय : सूचनेचा फोटो न पाठवता सूचना मजकूर म्हणून, एका कायमच्या पत्त्यावर ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

‘उद्या सकाळी पाणी येणार आहे, सर्वांनी नोंद घ्यावी.’ मागे फिका निळा रंग, कोपऱ्यात नळाचं चित्र, खाली तीन पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे. मंगळवारी रात्री हा फोटो ग्रुपवर पडतो. बुधवारी दुपारी कोणीतरी तो बहिणीच्या ग्रुपवर ढकलतं आणि गुरुवारी तो फिरून पहिल्याच ग्रुपवर येतो. वाचणाऱ्या प्रत्येकाचा ‘उद्या’ वेगळा. नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात या एका शब्दापायी कोणाचे बॅरल कोरडे राहतात, तर कोणी कामाचा खाडा करून नळाशी बसून राहतं.

चूक पाठवणाऱ्याच्या मनात नाही, सूचनेच्या घडणीत आहे, आणि ती दुरुस्त करायला पैसा लागत नाही. इंटरनेटवर लोकांनी एकमेकांना कळवावं, एकमेकांच्या नोंदींवर नजर ठेवावी, पुढे पाठवावं, उत्तर द्यावं यासाठी गेल्या पंचवीसेक वर्षांत जी साधी तंत्रं तयार झाली, त्यातली बहुतेक आपण सोलापुरात वापरतच नाही. वापरतो ते एकच : व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो.

फोटोत मजकूर कोंडला की काय होतं ते बघा. दृष्टी नसलेल्या माणसाच्या फोनमधला टॉकबॅक मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. फोटो आला की बहुतेक वेळा फक्त ‘फोटो’ म्हणतो आणि पुढे सरकतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधपट्टीत ‘पाणी’ टाकलं तर मजकुरातलं पाणी सापडतं, फोटोतलं नाही. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, कन्नड आणि उर्दू शहरभर आहे; मजकूर असेल तर तो कॉपी करून त्याचं भाषांतर काढता येतं. फोटोतली अक्षरं ओळखणारी अ‍ॅप आहेत, नाही असं नाही. पण फ्लेक्सवाल्या वळणदार टायपात, निळ्यावर पिवळ्या अक्षरांत ती अडखळतात, आणि पुढे पुढे जाऊन दाबून दाबून फुटलेल्या फोटोत १ चा ९ व्हायला वेळ लागत नाही. पाण्याच्या सूचनेत नेमका तोच आकडा महत्त्वाचा.

दुरुस्तीचं तर विचारूच नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, पण तोवर कोणी पुढे पाठवला असेल तर त्या प्रतीत बदल पोहोचत नाही. फोटो तर बदलताच येत नाही. मग ‘मागील सूचना रद्द समजावी’ असा दुसरा फोटो निघतो आणि दोन्ही फोटो आपापल्या वाटेने फिरत राहतात.

तेव्हा पहिली विनंती अशी की सूचना टाइप करा. टाइप म्हणजे युनिकोडमध्ये, फोनवरच्या मराठी कीबोर्डवर किंवा बोलून. छपाईच्या दुकानातून कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या टंकात तयार झालेला मजकूर वेबवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. कारण त्या टंकांत ‘प’ हा खरोखरचा ‘प’ नसतो, दुसऱ्याच अक्षराला चढवलेला ‘प’चा वेष असतो. पत्रिका छापून घेताना दुकानदाराकडे ‘युनिकोडमधला मजकूरही द्या’ एवढं म्हणायचं.

आता सूचना कशी लिहायची ते एकदा जवळून बघू.

‘पाणी : अमुक नगर, गल्ली १ ते ६. शुक्रवार, १६ जानेवारी २०२६, पहाटे ५:३० ते ८:००. दाब कमी राहील. सूचना काढली : गुरुवार, १५ जानेवारी, रात्री ९:००. बदल झाल्यास याच पत्त्यावर दिसेल.’

विषय आणि जागा सगळ्यात आधी, कारण फोनच्या वरच्या पट्टीत सुरुवातीचेच शब्द दिसतात. तिथे ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ आलं तर कळवायचं राहूनच गेलं. वार आणि तारीख दोन्ही लिहा. एकात चूक झाली तर दुसऱ्याशी ताडून वाचणाऱ्याला ती पकडता येते. वेळेबरोबर ‘पहाटे’ हा शब्दही हवा, नाहीतर ५:३० म्हणजे संध्याकाळचे समजणारे निघतातच. सूचना कधी काढली हे लिहिलं की दोन सूचना समोर आल्यावर ताजी कोणती ते कळतं. आणि ‘पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलला आहे’ एवढंच कधीही लिहू नका. आधीची पाळी कोणती होती हे ज्याला ठाऊक नाही त्याला या वाक्यातून काहीच मिळत नाही. भाषांतराच्या यंत्रालाही छोटी, सरळ वाक्यं झेपतात. ‘पाणी सुटणार’ यापेक्षा ‘नळाला पाणी येणार’ बरं. ‘सुटणे’चे दहा अर्थ यंत्राने कुठे लक्षात ठेवायचे?

दुसरी विनंती पत्त्याची. ही सूचना आधी एका पानावर ठेवा आणि ग्रुपवर त्या पानाचा दुवा पाठवा. ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉमवर असं पान फुकट निघतं आणि प्रत्येक नोंदीला आपोआप स्वतंत्र पत्ता मिळतो. पुढे पाठवला जातो तो दुवा. चूक झाली तर पानावर दुरुस्त करायची, मग दुवा कोणत्या ग्रुपवर जाऊन पडलाय याची फिकीर नाही. उघडणाऱ्याला दुरुस्त केलेलंच दिसतं.

इथे मराठीत लिहिणाऱ्यांना हमखास भेटणारी एक अडचण आहे. ब्लॉगर पत्ता बनवताना शीर्षकातली देवनागरी अक्षरं गाळतो आणि सगळ्या नोंदींना ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि मागे आकडा अशी एकसारखी नावं देतो. वर्डप्रेस उलट करतो, प्रत्येक अक्षराची टक्क्यांच्या चिन्हांत लांबलचक माळ ओवतो. दोन्हीकडे प्रकाशित करण्याआधी पत्त्याची चौकट हाताने भरता येते. तिथे रोमन लिपीत छोटं नाव द्या, जागा आणि तारीख एवढंच. प्रकाशित झाल्यावर पत्त्याला हात लावायचा नाही, आधी गेलेले सगळे दुवे मोडतात.

दुव्याबरोबर ग्रुपमध्ये जी छोटी चौकट उमटते, शीर्षक, दोन ओळी आणि चित्र, ती फेसबुकने २०१० साली आणलेल्या ओपन ग्राफ नावाच्या खुणांतून तयार होते. ब्लॉगच्या तयार साच्यांत त्या बहुतेक वेळा असतात. चौकट नीट दिसावी म्हणून चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं आणि ३०० केबीच्या आत ठेवा. जड चित्र व्हॉट्सअ‍ॅप घेत नाही. नळाचं चित्र आणि पदाधिकाऱ्यांचे चेहरे घालायची हौस असेल तर ती इथे भागवून घ्यावी, आमची हरकत नाही. दुवा टाकल्यावर चौकट उमटेपर्यंत दोन सेकंद थांबून मग पाठवायचं, एवढंच पथ्य.

अशा पानाला आपोआप मिळणारी आणखी एक गोष्ट आहे, फीड. ताज्या नोंदींची, यंत्राला वाचता येईल अशा साच्यातली यादी म्हणजे फीड. आरएसएस हा साचा १९९९ मध्ये आला, त्याची २.० आवृत्ती २००२ मध्ये, आणि अ‍ॅटम हा भाऊबंद २००५ मध्ये प्रमाणित झाला. गुगलने आपलं रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद केलं तेव्हा आरएसएस संपलं असा समज पसरला. तो खोटा आहे. पॉडकास्टचं बहुतेक जग आजही याच साच्यावर चालतं.

सामान्य माणसाला त्याचा फायदा काय? समजा एखाद्या घराला पाण्याची सूचना, मुलाच्या शिकवणीचं वेळापत्रक आणि वाचनालयातली नवी पुस्तकं एवढंच हवं आहे. आज त्यासाठी तीन ग्रुप, त्यांतले सुप्रभात, वाढदिवस, शोकसंदेश आणि भांडणं सोसावी लागतात आणि वर आपला नंबर शेकडो अनोळखी लोकांना दिसतो. फीड वाचणाऱ्या अ‍ॅपात तीन पत्ते टाकले की तेवढंच येतं, ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने. मध्ये कोणाचं गणित बसून ‘तुम्हाला हे आवडेल’ म्हणत नाही. अँड्रॉइडवर फीडर, आयफोनवर नेटन्यूजवायर, दोन्ही फुकट आणि जाहिरातींविना. पानाचा पत्ता टाकला तर बहुतेक वेळा फीड आपोआप सापडतं. न सापडलं तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘फीड’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा; ब्लॉगरला ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डीफॉल्ट’ हे तीन शब्द, प्रत्येकाआधी तिरकी रेघ.

सूचना काढणाऱ्यांसाठी यातली कामाची गोष्ट म्हणजे लेबल. प्रत्येक नोंदीला गल्लीचं किंवा विषयाचं लेबल लावलं की त्या लेबलाचं वेगळं फीड मिळतं. जुळे सोलापूरच्या माणसाला विडी घरकुलची पाळी कळायची गरज नाही. लेबलंही रोमन लिपीत आणि आधीच ठरवून. आज ‘पाणी’, उद्या ‘पाणीपुरवठा’, परवा ‘नळ’ असं झालं की तीन फीडं होतात आणि प्रत्येकात अर्धवट माल.

फीडच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अ‍ॅप ठरावीक वेळाने पानाकडे जाऊन बघतं, साधारण तासाला एकदा. पान स्वतःहून हाक मारत नाही. शिवाय अनेक कंपन्यांचे अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात; मग सकाळची सूचना रात्री अ‍ॅप उघडल्यावर दिसते. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपपुरतं बॅटरीचं बंधन काढावं लागतं. आणि जुनी नोंद दुरुस्त केली तर बरीच अ‍ॅप तिला नवी मानत नाहीत. म्हणून वेळ बदलली की जुन्या नोंदीत दुरुस्ती करायचीच, वर ‘बदल’ या शब्दाने सुरू होणारी नवी नोंदही काढायची. आत्ता, या घटकेला जलवाहिनी फुटली अशा खबरेसाठी फीड उपयोगाचं नाही, तिथे व्हॉट्सअ‍ॅपच. तेही चॅनल काढून. ग्रुपला १,०२४ जणांची मर्यादा आहे, चॅनलला नाही, आणि चॅनलमध्ये लोकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. चॅनलवरचा मजकूर मात्र ३० दिवसच ठेवला जातो. म्हणजे दप्तर पानावर आणि दवंडी चॅनलवर.

पाण्यासाठी आम्हाला विचाराल तर सगळ्यात चोख साधन वेगळंच आहे : सामायिक कॅलेंडर. पाळी हा मुळात तारखांचाच मामला. गुगल कॅलेंडरमध्ये संगणकावर नवं कॅलेंडर काढा, नाव द्या, सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा भारतीय ठेवला आहे ना ते बघा. तो जागतिक वेळेवर राहिला तर पहाटे ६ चं पाणी लोकांच्या फोनवर सकाळी ११:३० ला दिसतं. मग परवानग्यांच्या भागात कॅलेंडर सर्वांसाठी खुलं करा. तिथेच खाली दोन पत्ते मिळतात : एक गुगल वापरणाऱ्यांसाठी, दुसरा आयसीएस साच्यातला, जो आयफोनसह कोणत्याही कॅलेंडरला चालतो.

पाळी समजा दर ४ दिवसांनी असेल तर पुनरावृत्तीत ‘दर ४ दिवसांनी’ भरलं की वर्षभराच्या तारखा मांडल्या जातात. खरी गंमत पाळी चुकते तेव्हा होते. पाणी एक दिवस पुढे गेलं, तुम्ही त्या दिवसाची नोंद ओढून उद्यावर ठेवली, की कॅलेंडर विचारतं : फक्त हीच नोंद बदलू, ही आणि पुढच्या सगळ्या, की सगळ्याच? घाईत माणूस ‘फक्त हीच’ दाबतो. मग पुढची पाळी जुन्याच हिशेबाने, म्हणजे ३ दिवसांनी दिसते आणि तिथून सगळं वेळापत्रक एका दिवसाने खोटं होतं. पाळी सरकली असेल तर ‘ही आणि पुढच्या’ हेच निवडायचं. एखाद्या दिवशी नुसती वेळ तासाभराने बदलली असेल, पाळी तीच असेल, तर मात्र ‘फक्त हीच’.

वाचणाऱ्याच्या बाजूला तीन ठिकाणी गाडी अडते. एक, फोनमधल्या गुगल कॅलेंडर अ‍ॅपात दुसऱ्याचं कॅलेंडर दुव्याने जोडायचं बटणच नाही. दुवा ब्राउझरमध्ये, शक्यतो संगणकावर उघडून एकदा जोडावा लागतो, मग ते फोनवर येतं. सोसायटीत कोणाच्या तरी लॅपटॉपवर रविवारी दोन तास बसून सगळ्यांचं करून देता येईल. दोन, जोडलेल्या कॅलेंडरची घंटा आपोआप वाजत नाही. प्रत्येकाने आपल्या फोनवर ‘१ तास आधी’ असं स्वतः लावायचं. तीन, आयसीएस पत्त्याने जोडलं असेल तर बदल उशिरा पोहोचतो, कधी काही तासांनी तर कधी अर्ध्या दिवसाने. गुगलच्याच दुव्याने जोडलेल्यांना तो लगेच दिसतो. म्हणून आदल्या रात्रीचा बदल चॅनलवरही टाकायचाच.

आता थोडं मोठ्या चित्राकडे. ई-मेलचं बघा : तुमचं खातं एका कंपनीचं, माझं दुसऱ्या कंपनीचं, तरी पत्र पोहोचतं. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स यांच्यात ही सोय नव्हती, प्रत्येकाने आपली भिंत उभारली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने २३ जानेवारी २०१८ रोजी अ‍ॅक्टिव्हिटीपब हा नियम प्रमाणित केला, तो या भिंतींना दार पाडण्यासाठी. मास्टोडॉन (छोट्या नोंदींसाठी), पिक्सेलफेड (फोटोंसाठी), पीअरट्यूब (व्हिडिओंसाठी) ही ठिकाणं याच नियमावर चालतात. एका ठिकाणच्या खात्यावरून दुसऱ्या ठिकाणच्या माणसाच्या नोंदींवर नजर ठेवता येते. वर्डप्रेसवरच्या पानालाही हे जोडता येतं. मास्टोडॉनच्या कोणत्याही सार्वजनिक खात्याच्या पत्त्यापुढे ‘डॉट आरएसएस’ लावलं की त्याचं फीड मिळतं, वाचायला खातं काढावं लागत नाही. आपल्या गल्लीतले शेजारी तिथे भेटतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका, आणि यासाठी सचिवांनी आज धावपळ करावी असंही आमचं म्हणणं नाही. महत्त्वाचं इतकंच की सूचना एकदा मोकळ्या मजकुरात, मोकळ्या पत्त्यावर असली तर उद्या जे ठिकाण येईल तिथे ती नेता येते. फोटोंचा ढीग कुठेच नेता येत नाही.

मंडळांसाठी एक वेगळी गोष्ट. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, रस्ते वळवले जातात, आणि बाहेरगावच्या माणसाला गाडी कुठे लावायची हेच कळत नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनी मिळून काढलेला नकाशा आहे. त्यात पिण्याच्या पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, दवाखाना, पायऱ्या हे कायमचं काही असेल तर कोणीही भरू शकतो. फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे अ‍ॅप चालता चालता साधे प्रश्न विचारतं आणि उत्तर नकाशावर चढवतं. एकाच चौकाचं नाव मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची सोय त्यात आहे, जी सोलापूरइतकी कामाची महाराष्ट्रात फार थोड्या शहरांना असेल. दोन गोष्टी करायच्या नाहीत. गुगल मॅपवर बघून नावं उतरवायची नाहीत, परवान्यात ते बसत नाही. आणि यात्रेपुरता वाहनतळ, पाण्याचा टँकर, वळवलेला रस्ता मूळ नकाशात भरायचा नाही. यात्रा संपली तरी तो तिथेच राहतो आणि चैत्रात कोणीतरी रिकाम्या मैदानात टँकर शोधत फिरतं. तात्पुरत्या गोष्टींसाठी यूमॅप आहे : त्याच नकाशावर आपला पारदर्शक कागद ठेवून खुणा करायच्या, दुवा वाटायचा, नंतर कागद काढून घ्यायचा.

चादरी आणि टॉवेलच्या दुकानदारांना वेगळं काही सांगायला नको, फक्त लांबी-रुंदी, वजन आणि सूत फोटोवर कोरण्याऐवजी खाली मजकुरात लिहा. गिऱ्हाईक शोधतं ते शब्दांनीच.

शेवटी खात्याची गोष्ट, कारण सगळी व्यवस्था बुडते ती इथे. हौशी सचिव स्वतःच्या ई-मेलवरून पान काढतो, कॅलेंडर काढतो, दोन वर्षांनी निवडणूक होते, नवे सचिव येतात, आणि जुने बोलत नाहीत. पासवर्ड गेला, पत्ता गेला, जोडलेले सगळे लोक गेले. खातं पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावाने काढा. किमान दोघांना पूर्ण अधिकार द्या, परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर संस्थेचा ठेवा, आणि पासवर्ड इतिवृत्ताच्या वहीबरोबर पाकिटात सीलबंद करून नव्यांच्या हाती द्या. दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गुगल असं खातं पुसू शकतं, तेव्हा मधूनमधून कोणीतरी आत डोकवा. आणि थकबाकीदारांची यादी, घर क्रमांकासह फोन नंबर, आजारी माणसाचे कागद या पानावर कधीही चढवू नका. खुलं पान शोधयंत्रं वाचतात. तुम्ही पुसलं तरी दुसरीकडे उतरलेली प्रत राहते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली झालेला आहे.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल तर येत्या पाळीपासून. फोटो काढायचाच असेल तर काढा, पण त्याच्याखाली तोच मजकूर टाइप करून टाका, वार-तारखेसह. पान पुढच्या आठवड्यात, कॅलेंडर त्याच्या पुढच्या. ज्यांना लेबलं ठरवताना किंवा कॅलेंडर जोडून देताना हात हवा असेल त्यांनी आपल्या सोसायटीत एक खोली, एक टेबल आणि चार्जिंगचं बटण तयार ठेवावं. लॅपटॉप आम्ही आणू.

आपले,
सोलापुरात वेबसाइट आणि नकाशांचं काम करणारे काही जण